गुंठामंत्र्यांच्या आड राहिलेला हिशेब

पिंपरी-चिंचवडच्या वाढीचा विषय निघाला की ‘गुंठामंत्री’ हमखास आठवतो. जमीन विकली, गळ्यात सोन्याचा गोफ आला, दारात गाडी आली. असे लोक आहेतच. पण त्यांच्यावरून साऱ्या गावाची श्रीमंती मोजणं चूक आहे, कारण कोणाला काय मिळालं हे जमीन केव्हा आणि कशी गेली यावर ठरलं. नवनगर विकास प्राधिकरण 1972 साली स्थापन झालं आणि निगडी, आकुर्डी, वाल्हेकरवाडी, भोसरीकडच्या जमिनी सक्तीने संपादित झाल्या. तिथे भाव सरकारने ठरवला. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं धोरण आलं, पण 1972 ते 1983 दरम्यान जमिनी गेलेले त्यातून वगळले गेले आणि त्यांचा परतावा चार दशकं लोंबकळत राहिला. वाकड, पुनावळे, मोशी ही गावं 1997 मध्ये महापालिकेत आली. तिथे ज्यांचा सातबारा तोवर शाबूत होता, त्यांना बिल्डरशी घासाघीस तरी करता आली. आणि सातबाऱ्यावर ज्यांचं नाव कधी नव्हतंच, त्या शेतमजुरांना काय मिळालं? गोफाच्या गप्पांत हा प्रश्न येत नाही.

दुसरा समज असा की शहर फक्त विकलेली जमीन गिळतं. पवनेकाठी याचं उत्तर मिळतं. पवना धरणातून सोडलेलं पाणी नदीतून वाहत येतं, वाटेतले शेतकरी ते उपसतात आणि शहर ते रावेतच्या बंधाऱ्यावर उचलतं. हेच पाणी बंद जलवाहिनीने निगडीला नेण्याचं ठरलं, तेव्हा मावळ तालुका पेटला. 9 ऑगस्ट 2011 रोजी पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. भांडण शहराबाहेरच्या, अजून पिकणाऱ्या शिवाराच्या पाण्याचं होतं.

शेती तोट्यात होती, कारखान्यांनी रोजगार दिला, हा आक्षेप खोटा नाही. पण शहराची लोकसंख्या 2001 मधल्या 10.12 लाखांवरून 2011 मध्ये 17.27 लाखांवर गेली, ती मुख्यतः बाहेरून आलेल्यांमुळे. जमीन देणाऱ्याच्या घरात नोकरी आपोआप आली नाही, आणि आली तेव्हा ती अनेकदा कंत्राटी होती. आता हीच वेळ कांद्याच्या बाजारासाठी नावाजलेल्या चाकणवर येऊ शकते; तिथे वेगळ्या महापालिकेची चर्चा आहे. तिथल्या गावांनी नकाशावर सही होण्याआधीच मोबदला, परताव्याची मुदत आणि शिवाराच्या पाण्याचा वाटा लेखी मागावा.