सूर वाकतो कसा?

पेटीवर मींड येत नाही. ‘नी’ची पट्टी दाबली की ‘नी’च वाजणार, ‘ध’ची दाबली की ‘ध’. एकावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोयच नाही. पण पेटीच्याच कुळातलं, खिशात मावणारं एक वाद्य सूर चक्क वाकवतं! ते म्हणजे माउथ ऑर्गन, म्हणजेच हार्मोनिका.

ऐकायचंय? मग अमेरिकेतल्या शिकागोच्या ‘पॉल बटरफील्ड ब्लूज बँड’चा दुसरा अल्बम लावा, १९६६ सालचा ‘ईस्ट-वेस्ट’. त्यात हार्मोनिका वाजवतो स्वतः पॉल. याच नावाची शेवटची रचना तर तब्बल १३ मिनिटांची, आणि शब्द एकही नाही! गिटारवादक माइक ब्लूमफील्डला आपल्या रागसंगीताची ओढ लागली होती. म्हणून इथे बास गिटार एकाच सुराभोवती फिरत राहते, तानपुऱ्यासारखी, आणि वर एकेक वादक आपापला विस्तार करत जातो.

आता वाद्याच्या आत डोकावू. दहा भोकं, आणि प्रत्येक भोकात पितळेच्या दोन पातळ पट्ट्या. एक फुंकल्यावर थरथरते, दुसरी श्वास आत ओढल्यावर. ‘पांढरी एक’ सुराची (म्हणजे C ची) हार्मोनिका घेतली, तर तिसऱ्या भोकात फुंकून ‘प’ मिळतो आणि ओढून शुद्ध ‘नी’. मधले सूर? ते त्या भोकासाठी बनवलेलेच नाहीत!

पण ब्लूज हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांचं गाणं, आणि त्याला तेच अधलेमधले, कण्हणारे सूर हवे असतात. जर्मन कारखान्यांत लोकगीतांच्या साध्या चालींसाठी घडलेल्या या वाद्यातून त्यांनी ते सूर काढून दाखवले. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात थोर वाटते.

युक्ती जिभेची आहे. श्वास ओढताना जीभ मागे आणि खाली नेली की तोंडातली पोकळी बदलते आणि तिथली हवा खालच्या सुराला साथ देऊ लागते. मग ‘नी’ची पट्टी दबते आणि गंमत म्हणजे शेजारची, फुंकल्यावर वाजणारी ‘प’ची पट्टीही थरथरायला लागते. दोघींच्या ओढाताणीत सूर खाली घसरतो: कोमल ‘नी’, शुद्ध ‘ध’, कोमल ‘ध’! पेटीत हवा देतो भाता, आणि भात्याला कुठली आलीय जीभ?

करून बघा. आधी उंच शीळ घाला, मग ती हळूहळू खाली आणा. जीभ मागे सरकली ना? आता हार्मोनिकाच्या चौथ्या भोकातून श्वास ओढत तेच करा. पहिल्या दिवशी नुसती फुसफुस ऐकू येईल, पण चिकाटी सोडू नका. आणि हो, हार्मोनिका स्वतःचीच घ्या, कुणाची उष्टी नको!