कुरणांतील एका दुर्मिळ रुईची ओळख

रुई आपल्याकडे गांवकुसाबाहेर कोठेंहि उगवते, आणि शनिवारीं तिच्या पानांची माळ मारुतीच्या गळ्यांत पडते. याच अर्ककुलांतील एका वनस्पतीच्या रक्षणार्थ सरकारला कायद्याचा आधार घ्यावा लागावा, हें वाचून वाचकांस नवल वाटेल. परंतु अमेरिकेच्या मध्यभागीं ‘प्रेअरी’ नांवाचीं जीं विस्तीर्ण गवताळ मैदानें आहेत, तेथील ‘मीड्स मिल्कवीड’ची स्थिति अशीच आहे. एकोणिसाव्या शतकांत इलिनॉय राज्यांत ती गोळा करणारे डॉक्टर सॅम्युअल मीड यांचें नांव तिला मिळालें. १९८८ सालीं तिची गणना संकटग्रस्त जातींत झाली. आज ती मुख्यत्वें कॅन्सस व मिसूरी या राज्यांत आढळते.

ती ओळखावी कशी? चीक हा तर सर्व कुळाचा धर्म. त्यावरून निर्णय होत नाहीं. हिचा दांडा एकच, शाखाहीन व गुळगुळीत असतो. पानें समोरासमोर, बिनदेठाचीं व लवरहित असतात. शेंड्यावर हिरवट-पांढऱ्या सुवासिक फुलांचा एकच गुच्छ येतो, आणि तो खालीं मान घालून असतो. हिच्याशीं घोंटाळा होण्यासारखी एक जात त्याच कुरणांत उगवते. पण तिचीं फुलें गुलाबी छटेचीं असून गुच्छ ताठ उभा असतो. हा भेद ध्यानांत ठेवावा.

ही चिकित्सा केवळ नामकरणासाठीं नाहीं. तेथील पुष्कळ कुरणांत ऐन उन्हाळ्यांत वैरणीसाठीं गवत कापतात, आणि तेव्हां हिच्या शेंगा कोंवळ्याच असतात. मुळांच्या बळावर झाड पुढील वर्षीं पुन्हां उगवतें. पण बीं कधींच पिकत नाहीं. त्यांतच जमिनीखालून पसरून एकाच झाडाचे अनेक दांडे वर येतात, आणि स्वतःच्या परागानें हिला फलधारणा होत नाहीं. तेव्हां दांडे पुष्कळ दिसले तरी वंश एकच असूं शकतो. बीजापासून फूल येण्यास पंधरा वर्षेंहि लागूं शकतात, म्हणून झालेली हानि लवकर भरून येत नाहीं. याच्या उलट, ज्या कुरणांत कापणीऐवजीं अधूनमधून गवत जाळतात, तेथें या वनस्पतींत वंशवैविध्य अधिक आढळलें आहे.

आम्हांस यांत एक व्यवहाराची गोष्ट दिसते. कापणीपूर्वीं कुरणांतून हिंडतांना तो नतमस्तक गुच्छ ज्याच्या ओळखीस येईल, त्यानें तेवढाच पट्टा शेंगा पिकेपर्यंत राखला, तरी एका वंशावर मोठे उपकार होतील.