१४७ चे १६० करताना

अंधेरीच्या वीरा देसाई मार्गाच्या आसपास ज्या ध्वनिमुद्रणशाळा आहेत, तेथे समजा काळी एकमध्ये गायिलेले एखादे जुने गीत सीडीवरून चित्रपटाच्या ध्वनिपट्टीत घ्यावयाचे आहे, आणि दोहोंच्या नमुन्यांच्या दरातील तफावत कोणी मिटविलीच नाही, तर त्या गीताचा षड्ज पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या जवळजवळ मधोमध, कोणत्याही पेटीवर न सापडणाऱ्या जागी जाऊन बसेल, व तीन मिनिटांचे गाणे पावणेतीन मिनिटांत संपेल. कारण सीडीवर सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने नोंदलेले असतात, तर चित्रपटाच्या दफ्तरी ४८,००० चा शिरस्ता आहे. यांतला पहिला आकडा हा चित्रफितीचा वारसा होय: आरंभी ध्वनीचे अंक साठविण्यास चित्रफितीचीच यंत्रे वापरीत, आणि सेकंदास चित्राची ५० क्षेत्रे (म्हणजे अर्धचित्रे), प्रत्येकी २९४ रेषा, रेषेमागे ३ नमुने, असा तो गुणाकार आहे.

दर सेकंदाच्या तुटीचे ३,९०० नमुने मागलेच पुन्हा लिहून भरावेत, ही तजवीज सहज सुचते. परंतु तिने तंबोऱ्याच्या नादात खरखर मिसळते. या दोन दरांचे गुणोत्तर १४७ : १६०. म्हणून लगतच्या दोन नमुन्यांमध्ये १५९ शून्ये भरावयाची, त्या शून्यांमुळे उपजलेली उंच कंपने गणिती गाळणीने काढून टाकावयाची, आणि अखेर दर १४७ वा नमुना तेवढा राखावयाचा. गाळणीतून बाहेर येताना शून्यांच्या जागी जी मूल्ये उमटतात ती अंदाजाची नसतात, हे मला या विद्येतील परमसौंदर्य वाटते. मूळ ध्वनीत ४४,१०० च्या निम्म्याहून, म्हणजे सेकंदाला २२,०५० हून, उंच कंपने नसली, की दोन नमुन्यांमधील संपूर्ण वक्ररेषा त्या नमुन्यांनीच मुक्रर केलेली असते.

अंधेरीहून जोडरस्त्याने पवईला गेले, की आयआयटी लागते; तेथे हीच विद्या प्राध्यापक विक्रम गद्रे यांनी शिकविली. त्यांची व्याख्याने एनपीटीईएलच्या संकेतस्थळावर कोणासही विनामूल्य ऐकता येतात, आणि ध्वनिमुद्रणशाळांतील उमेदवारांनी ती अवश्य ऐकावीत.

दर उतरविताना मात्र क्रम चुकून चालत नाही. दूरध्वनीसाठी ८,००० नमुने पुरतात. परंतु गाळण्यापूर्वीच नमुने वगळले, तर घाटकोपरहून मुलुंडला बोलणाऱ्याच्या ‘स’कारातील ५,००० कंपनांचा अंश ३,००० चे सोंग घेऊन बोलण्यात शिरतो, आणि एकदा शिरल्यावर खऱ्या ३,००० पासून तो कोणत्याही गाळणीस निराळा काढता येत नाही.