ज्यूरी निदेशन

ज्यूरी निदेशन : फौजदारी खटल्यातील पुरावा व उभय पक्षांची भाषणे संपल्यावर न्यायाधीशाने ज्यूरीला लागू होणारा कायदा समजावून सांगणे आणि पुराव्याचे सार तिच्यापुढे मांडणे, यास ज्यूरी निदेशन म्हणतात. कायदा न्यायाधीशाने सांगावयाचा व वस्तुस्थिती ज्यूरीने ठरवावयाची, ही त्यामागील श्रमविभागणी होय. १८९८ च्या फौजदारी व्यवहार संहितेच्या कलम २९७ नुसार भारतातील न्यायाधीशांवर ते बंधनकारक होते. सदोष निदेशनास अपनिदेशन म्हणत. त्यामुळे ज्यूरीची दिशाभूल झाली असल्यास उच्च न्यायालयास तिचे अधिमत रद्द करता येई.

निदेशनातील एका शब्दाच्या अर्थावरही आरोपीचे भवितव्य अवलंबून असे. लोकमान्य टिळकांवरील १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ ज्यूरीस सांगितला. ज्यूरीने ६ विरुद्ध ३ मतांनी टिळकांना दोषी ठरविले.

खुनाच्या खटल्यांत मुख्य अडचण शाबितीच्या भाराची असते. गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करण्याचा भार फिर्यादी पक्षावर असतो. मात्र अपघात वा गंभीर व आकस्मिक प्रक्षोभ यांसारख्या अपवादाचा भार १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या कलम १०५ ने आरोपीवर टाकला होता. हा भार तुलनेने हलका असून अपवाद अधिक संभवनीय आहे एवढे दाखविणे पुरते. शिवाय अपवाद सिद्ध झाला नाही, तरी आरोपीच्या पुराव्यामुळे मूळ गुन्ह्याविषयीच वाजवी संशय उत्पन्न झाल्यास त्याचा लाभ आरोपीस मिळतो. सामान्य नागरिकांना हे एका बैठकीत उमगणे सोपे नव्हते. मुंबईतील नानावटी खटल्यात (१९५९) नऊजणांच्या ज्यूरीने नौदल अधिकारी कावस नानावटी यांना ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष ठरविले. सत्र न्यायाधीशांना हे मत मान्य न झाल्याने त्यांनी कलम ३०७ खाली प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. उच्च न्यायालयाला निदेशनातच दोष आढळले. अपघाताच्या बचावाचा भार आरोपीवर आहे, हे ज्यूरीस नीट सांगितले गेले नव्हते. आरोपीस जन्मठेप झाली व सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ती कायम केली. दोष ज्यूरीच्या भावनावशतेला दिला जातो, तितका तो निदेशनाला दिला जात नाही. ज्यूरी या एका खटल्यामुळे बंद झाली, हा समजही बरोबर नाही. विधी आयोगाने १९५८ मध्येच तशी शिफारस केली होती. १ एप्रिल १९७४ पासून अंमलात आलेल्या नव्या दंड प्रक्रिया संहितेत ज्यूरीस स्थान उरले नाही. लातूर जिल्हा १९८२ मध्ये अस्तित्वात आला, तेव्हा ही पद्धती संपून आठ वर्षे लोटली होती.

अमेरिकेत मात्र निदेशनास आजही मोठे महत्त्व आहे. अंमली पदार्थांचा गुन्हेगारी व्यवसाय चालविताना केलेल्या खुनास तेथील १९८८ च्या संघीय कायद्याने देहदंडाची तरतूद केली. अशा व्यवसायातील गुन्ह्यांच्या मालिकेत नेमके कोणते गुन्हे मोडतात, याविषयी ज्यूरीचे एकमत हवे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये दिला; तेव्हापासून ज्यूरीला तसे सांगावे लागते.

नांदेड वा लातूर येथे असा खटला उभा राहिल्यास न्यायाधीश एकटाच निर्णय देतो. १९८५ च्या अंमली औषधिद्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाखालील विशेष न्यायालयास, एकाच खटल्यात आरोप ठेवता येत असल्यास, खुनाचीही सुनावणी करता येते (कलम ३६-अ). तेथे दोन मापे एकत्र येतात. खुनातील अपवादास संभाव्यता पुरते. पण या अधिनियमाच्या कलम ३५ नुसार आरोपीचा दोषी हेतू गृहीत धरला जातो व तो नव्हता, हे आरोपीने वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावयाचे असते. नूर आगा प्रकरणात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने हे गृहीतक वैध ठरविले, तथापि पायाभूत तथ्ये फिर्यादी पक्षाने आधी सिद्ध केली पाहिजेत, अशी अट घातली. पूर्वी न्यायाधीश जे ज्यूरीस तोंडी समजावीत असे, ते आता त्याला निकालपत्रात प्रत्येक आरोपाखाली स्वतंत्रपणे लिहावे लागते, आणि अपिलात तपासले जाते तेही तेच.