अठ्ठावीस ठिपक्यांचे घुबड

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरी घुबड आले. घुबड म्हटल्याबरोबर सौ.च्या कपाळाला आठ्या पडल्या. पण हे घुबड झाडावरचे नव्हे, कन्येच्या संगणकावरचे!

वाचकहो, घरात तरुण मुले असतील तर 'व्हर्च्युअल स्ट्रीमर' हा शब्द आपल्याही कानांवर आला असेल. पडद्यावर रेखाटलेली एक मुलगी बोलत असते. कॅमेऱ्यापुढे खरी बाई बसलेली असते. ती मान वळवील, डोळे मिटील, तसे ते चित्रही करते. २०१६ च्या अखेरीस जपानात किझुना आय नावाचे पात्र आले आणि तेव्हापासून ही हौस जगभर फोफावली. आमच्या कन्येच्या आवडीची स्ट्रीमर राहते सातासमुद्रापलीकडे. घुबडाचे पंख लावून ती ट्विचवर खेळ खेळते, गप्पा मारते. तिचे खरे नाव कुणी विचारायचे नाही, हा तिथला शिष्टाचार. पात्राचे मूळ चित्र काढणाऱ्याला ही मंडळी 'मामा' म्हणतात, तेही जपानी चालीप्रमाणे आई या अर्थाने! नात्यांचा हा घोळ समजून घेण्यातच माझा एक रविवार गेला.

बाजूच्या पट्टीत प्रेक्षक भराभर लिहीत असतात, आणि शब्द अपुरे पडले की चिमुकली चित्रे टाकतात. ती इमोट. चाहत्यांनी ठरवले, वर्गणी काढून तिला सहा नवी इमोट भेट द्यायची. मी बँकेतून निवृत्त झालेला, शिवाय गणेशोत्सवाचा जुना खजिनदार. हिशेब ओघानेच माझ्या गळ्यात पडला.

चित्रकार मुलगी कोल्हापूरची. तिने भाव सांगितला, एका चित्राचे बाराशे रुपये.

"नखाएवढ्या चित्राला बाराशे?" मी उडालोच. "सहा घेतोय आपण. घाऊक भाव विचार की!"

"बाबा, भाजी नाही ही," कन्या म्हणाली. एकाने यंत्राकडून फुकट चित्रे काढून घेण्याची टूम काढली होती. तीही तिने मोडून काढली होती.

अर्धे पैसे आगाऊ दिले. अटी लिहून घेतल्या: चित्रे गप्पांत वापरायची, कपांवर, सदऱ्यांवर छापून विकायची झाल्यास वेगळा मोबदला. स्ट्रीमरची परवानगीही आधीच घेतली. सहावे चित्र 'मी जागी आहे' असे सांगणारे हवे होते. आम्ही मागणीही ऐसपैस केली. घुबड असावे, हातात कंदील, शेजारी चहाचा कप, मांडीवर पुस्तक आणि मागे चंद्र!

आठवड्याने कच्चे रेखाटन आले. मोठे केलेले चित्र झकास होते. पण ट्विचला चित्र तीन मापांत लागते: ११२, ५६ आणि २८ ठिपके, लांबीलाही तेवढे आणि रुंदीलाही. गप्पांच्या ओळीत बहुधा दिसते ते सर्वांत लहान. त्या मापात आमचे घुबड, चंद्र आणि चहा मिळून शाईचा डाग झाला होता!

चूक चित्रकाराची नव्हती, गिऱ्हाइकांची होती. तिने पुन्हा काढले. कंदील गेला, चहा गेला, पुस्तक आणि चंद्र गेले, अंगही गेले. उरले दोन टक्क उघडे डोळे आणि वर केलेला एक पंख.

"अगं, निम्मं चित्र कमी झालं," मी फोनवर म्हणालो. माझ्यातला खजिनदार जागा झाला होता.

"काका, काय काढून टाकायचं हे ठरवण्यातच दोन रात्री गेल्या," ती शांतपणे म्हणाली.

मी ओशाळलो. पुढे वाचनात आले, १९९९ साली जपानच्या शिगेताका कुरिता यांनी मोबाइलसाठी १७६ चित्रे केली, ती अवघ्या १२ बाय १२ ठिपक्यांत. आणि २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने ती आपल्या संग्रहात घेतली. बाराशेचा भाव मला मग जड वाटला नाही. उरलेले पैसे त्याच दिवशी पाठवले.

पण एक प्रश्न मनात होताच. कन्येला म्हटले, "इतर पाच चित्रं समजली. हसणं, रडणं, टाळ्या. हे 'मी जागी आहे' कशाला?"

ती जरा थांबून म्हणाली, "बाबा, २०२० साली टाळेबंदीत मी बारावीला होते. रात्र रात्र झोप लागायची नाही. परीक्षेची भीती, आजीची काळजी. तेव्हा तिथं मी 'कुणी जागं आहे का?' असं लिहायचे, आणि कुणी ना कुणी 'आहे' म्हणायचं."

मधे एक भिंत. तिच्या अलीकडे ती जागी, पलीकडे मी घोरत होतो. बारावीचे गुण मी पेढ्यांसह गावभर सांगितले होते. त्या रात्री मात्र मला ठाऊक नव्हत्या.

भेट द्यायच्या रात्री मी कन्येशेजारी खुर्ची ओढून बसलो. इमोट पाहून ती अनोळखी स्ट्रीमर बोलता बोलता थांबली. रेखाटलेला चेहरा खाली झुकला. क्षणभर आवाज आला नाही. आणि पट्टीत देशोदेशींची टक्क डोळ्यांची घुबडे भराभर वर चढू लागली.

"बाबा, एक तुम्ही टाका," कन्येने कळफलक माझ्याकडे सरकवला.

चष्मा सावरून मी बटण दाबले.