गोफणीतलं विमान

गोफण पाहिली आहे का रे पोरांनो? नसेलच. मी तुमच्याएवढा असताना जोंधळा हुरड्यात आला की मला मचाणावर चढवायचे, पाखरं राखायला. गोफणीत खडा घालायचा, डोक्याभोवती गरगर फिरवायची आणि एक दोरी सोडून द्यायची. खडा गोल फिरत असतो, पण सुटला की गोल जात नाही. सायकलच्या चाकावरचा चिखल पाठीवर येतो ना, तसा सरळ रेषेत पळतो. दोरी नेमकी कधी सोडायची हे कळायला मला अख्खा हंगाम लागला. तोवर पाखरं मजेत होती आणि शेजारच्या रानातले आबा जीव मुठीत धरून.

आज हे आठवलं ते आमच्या नातीच्या ग्लायडरमुळे. दीड मीटर पंख, वजन पाव किलो. इंजिन नाही, पुढे पंखा नाही. हाताने फेकायचं आणि मग रिमोटने वळवायचं. पूर्वी अशी विमानं भाल्यासारखी फेकत. 2000 सालाच्या आसपास थाळीफेकीची रीत रुळली: पंखाच्या टोकाला धरून गिरकी घ्यायची आणि सोडायचं. उजव्या हाताने फेकणाऱ्याच्या विमानाला डाव्या पंखाच्या टोकाशी छोटी खुंटी असते, तिच्यात दोन बोटं अडकतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत या गटाला एफ3के म्हणतात. दीड मीटरपेक्षा लांब पंखांचं विमान तिथे चालत नाही.

गिरकीने काय साधतं? हात धरा 70 सेंटिमीटर. त्याच्यापुढे अर्धा पंख, 75 सेंटिमीटर. म्हणजे गोफणीची दोरी एकदम दुप्पट झाली की नाही? ताशी 100 किलोमीटरने विमान सुटलं, तर सुटायच्या क्षणी बोटांवर साधारण 14 किलोची ओढ येते. पाव किलोचं विमान आणि ओढ भरल्या घागरीची! पट्टीचे खेळाडू असं विमान 60 मीटर उंच नेतात. वीस मजले म्हणा.

आता खरी गंमत ऐका. गोफणीतला खडा सुटल्यावर स्वतःभोवती फिरतो की नाही, हे कुणी बघतं का? खड्याला नाक नसतं. विमानाला असतं. हातात असताना तुमच्या गिरकीबरोबर विमानाचं नाकही फिरत असतं, सुटतेवेळी सेकंदाला 3 फेऱ्यांच्या वेगाने. बोटं सुटली की विमान सरळ निघतं, पण नाक आपलं डावीकडे वळतच राहतं. त्याला कुणी सांगितलेलं नसतं की गिरकी संपली.

ते सांगायचं काम शेपटीवरच्या उभ्या पंखाचं. नाक डावीकडे गेलं की शेपूट उजवीकडे जाते, उभ्या पंखावर बाजूने वारा आदळतो आणि तिला मागे ढकलतो. शेपूट थोडी पलीकडे जाते, परत येते. चांगल्या विमानात हे एक-दोन हेलकाव्यांत थांबतं. वाईट विमान कुत्र्याच्या शेपटीसारखं हलत राहतं, आणि प्रत्येक हेलकाव्याला थोडी उंची गेलीच म्हणून समजा.

इथे मी चूक केली. आमच्या पहिल्या विमानाचा उभा पंख मी सगळाच्या सगळा शेपटीकडे जाणाऱ्या नळीच्या वर चिकटवला. खाली ठेवला तर उतरताना गवतात अडकून मोडेल, असा माझा शहाणा हिशोब. माळावर गेलो, नातीने गिरकी घेतली, सोडलं. विमान स्क्रूसारखं पिळत वर गेलं आणि उसात पडलं. दोनदा फेकलं, दोन्हीदा ऊस. शेवटी तीच म्हणाली, ‘‘आजोबा, शेपटीची नळी पिळतेय.’’

बरोबर होतं तिचं. ओलं धोतर पिळताना एक टोक धरून दुसरं फिरवतो ना? वाऱ्याचा सगळा धक्का नळीच्या वरच्या बाजूला बसत होता. कार्बनची ती बारीक नळी पिळवटायची, तिच्याबरोबर आडवी शेपूट तिरकी व्हायची आणि विमान कलंडायचं. पंख अर्धा वर, अर्धा खाली ठेवला की दोन्ही धक्के एकमेकांना तोलतात. मग नळी पिळत नाही, नुसती बाजूला सरते.

मग हेलकावे लवकर थांबावेत म्हणून उभा पंख मोठाच का करू नये, असं तुम्ही विचाराल. शेपूट दूर असते आणि नाक आखूड. मागे 1 ग्रॅम वाढला तर तोल साधायला पुढे दोन-तीन ग्रॅम शिसं घालावं लागतं, आणि वजन वाढलं की विमान लवकर खाली येतं. त्यापेक्षा नळी लांब करावी. लांबी दुप्पट केली तर तोच पंख विमानाला दुप्पट जोराने सरळ करतो आणि हेलकावे चौपट दाबतो. पण नळी फार लांब केली तर ती वाकते. या ओढाताणीत माणसांनी वर्षं घालवली आहेत. त्यातले एक अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक मार्क ड्रेला. 1988 साली ‘डीडॅलस’ नावाचं विमान एका माणसाने नुसतं पायडल मारत ग्रीसमधल्या क्रीट बेटावरून सँटोरिनीपर्यंत 115 किलोमीटर नेलं. त्या विमानाच्या रचनेत यांचा मोठा हात. हाताने फेकायच्या ग्लायडरचे आराखडेही त्यांनी काढले आणि सगळ्यांसाठी खुले ठेवले. मला अशी माणसं आवडतात.

आता वर बघा, ती घार. तिला उभी शेपूट आहे का? नाही. कुठल्याच पक्ष्याला नसते. तिची दुभंगलेली शेपूट आडवीच, पण ती सुकाणूसारखी डावी-उजवीकडे कशी पिळते बघा. वाऱ्याची झुळूक बदलली की पंख आणि शेपूट लगेच बदलतात. मोजणारा मेंदू आणि हलणारे स्नायू असल्यावर उभा पंख कशाला हवा? आपल्या विमानाला यातलं काही नाही. शिवाय घारीला पंखाला धरून कुणी गरागरा फेकत नाही.

तर आमचं विमान आता सरळ जातं. नात ते उतरताना हातानेच झेलते आणि लगेच पुन्हा फेकते. एखाद्या वेळी झेल सुटतो. खालचा अर्धा पंख आजवर तीनदा तुटला, तीनदा चिकटवला. वर मात्र हलवलेला नाही.