बाळाचे कान आणि मोठ्यांचे समज

सातव्या महिन्यात डोहाळजेवण असलं की कुणीतरी अभिमन्यूची आठवण काढतंच. सुभद्रेच्या पोटात असताना त्याने चक्रव्यूहात शिरण्याची रीत ऐकली, ही लोकांच्या तोंडी रुळलेली कथा. तिच्या पाठोपाठ सूचना सुरू होतात: हे वाच, ते ऐक, पोटाला हेडफोन लाव, बाळ हुशार निघेल.

यातला एक भाग खरा आहे. पोटातलं बाळ ऐकतं. सहाव्या-सातव्या महिन्याच्या सुमारास ते आवाजाला प्रतिसाद देऊ लागतं. बाहेरचे आवाज पोटाच्या भिंतीतून आणि पाण्यातून येताना दबतात, आईचा आवाज मात्र तिच्या शरीरातूनही पोहोचतो. शब्द स्पष्ट राहत नाहीत, चाल आणि ठेका राहतो.

अमेरिकेत अँथनी डीकॅस्पर आणि मेलानी स्पेन्स यांनी 1986 साली याची नेटकी परीक्षा घेतली. गरोदर स्त्रियांनी शेवटच्या सहा आठवड्यांत एकच गोष्ट रोज दोनदा मोठ्याने वाचली. जन्मानंतर बाळांच्या तोंडात चोखणी दिली. चोखण्याची लय बदलली की कानावर पडणारी गोष्ट बदलायची. बाळांनी ओळखीची गोष्ट ऐकू येईल अशी लय धरली, आणि ती दुसऱ्याच बाईने वाचलेली असली तरी धरली. 2009 साली जर्मनीतल्या संशोधकांनी तीस फ्रेंच आणि तीस जर्मन नवजात बाळांचं रडणं तपासलं. फ्रेंच बाळांचा सूर बहुधा चढत जाणारा होता, जर्मन बाळांचा उतरत जाणारा, जशी त्या त्या भाषेची चाल असते तसाच.

म्हणजे बाळ पोटातून घरच्या भाषेची लय घेऊन येतं. डावपेच, स्तोत्रांचे अर्थ किंवा पाढे घेऊन येत नाही. ‘मोझार्ट ऐकवलं की बुद्धी वाढते’ हा समज तर ज्या प्रयोगावर उभा राहिला, त्यात एकही बाळ नव्हतं. 1993 सालच्या त्या प्रयोगात 36 महाविद्यालयीन विद्यार्थी होते. आकृत्यांच्या कोड्यांत त्यांची कामगिरी थोडी सुधारली, आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. तरीही 1998 साली जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाच्या घरी शास्त्रीय संगीत पाठवण्यासाठी सरकारी पैसा मागितला. आवडतं म्हणून आईने गाणं जरूर ऐकावं. पण नोकरीच्या धावपळीत जिला गर्भसंस्काराच्या वर्गाला जाता आलं नाही, तिने मनाला लावून घ्यावं असं यात काहीही नाही.

दुसरा समज याच्या अगदी उलट: ‘वर्षाच्या आतल्या बाळाला काय कळतंय!’ इथे मराठी माणसाने कान टवकारावेत असा एक प्रयोग आहे. ‘ताक’ आणि ‘टाक’ यांतला फरक आपल्याला सहज कळतो. इंग्रजी भाषक मोठ्या माणसाला मात्र ‘त’ आणि ‘ट’ वेगळे ओळखणं फार जड जातं. कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी हिंदीतले हेच दोन आवाज इंग्रजी घरांतल्या बाळांना ऐकवले. आवाज बदलला की बाळाने मान वळवायची, मग खेळणं दिसायचं. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांनी फरक ओळखला. दहा ते बारा महिन्यांच्या फार थोड्या बाळांना तो जमला. हिंदी ऐकत वाढणाऱ्या बाळांना मात्र तो वर्षाच्या उंबरठ्यावरही कळत होता.

पहिला शब्द फुटण्याआधीच बाळाचा कान असा घरच्या भाषेला जुळत जातो. वरून शांत दिसणाऱ्या त्या महिन्यांत एवढं काम चाललेलं असतं, हे बालमानसशास्त्राने दाखवून दिलेलं सर्वांत सुंदर सत्य म्हणावं लागेल.

मग घरात दोन भाषा असल्या तर? परदेशातल्या मराठी घरांना अजूनही सल्ला मिळतो की मराठी थांबवा, मूल गोंधळेल, उशिरा बोलेल. हा सल्ला चुकीचा आहे, आणि त्यात नातवंडांची आजी-आजोबांशी असलेली भाषा तुटते. दुभाषी मुलाचे एकेका भाषेतले शब्द सुरुवातीला कमी भरू शकतात; दोन्ही भाषांतले मिळून मोजले तर ते एकभाषी मुलांच्या बरोबरीने असतात. एका वाक्यात दोन भाषा मिसळणं हेही गोंधळाचं लक्षण नव्हे, मोठेही तेच करतात.

‘हाताची सवय लागेल, सारखं उचलू नका,’ हे तर बाळंतिणीने ऐकलेलं नाही असं घर विरळा. मॉन्ट्रियलमध्ये 1986 साली 99 माय-लेकरांवर झालेल्या प्रयोगात काही आयांना, बाळ रडत नसतानाही, ते रोज अधिक वेळ उचलून घ्यायला सांगितलं. सहाव्या आठवड्यात त्या बाळांचं रडणं इतरांपेक्षा 43 टक्क्यांनी कमी भरलं. पोटशुळासारखं अनावर रडणाऱ्या बाळांना या उपायाने गुण आला नाही, हेही पुढे दिसलं. तशा बाळाची आई कुठे कमी पडते आहे, असं कुणी तिला म्हणू नये.

राहिला मोबाइल. ‘व्हिडिओ बघून किती शब्द शिकलाय!’ असं कौतुक होतं. सिएटलमध्ये पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना बारा बैठकांत चिनी भाषा ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या, गोष्ट वाचणाऱ्या माणसाकडून बाळं त्या भाषेतले आवाज ओळखायला शिकली. तीच माणसं, तेच बोलणं पडद्यावर दाखवलं, तेव्हा काहीच शिकली नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 साली वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा नकोच असं सांगितलं.

पुण्यातल्या आजीचा व्हिडिओ कॉल मात्र वेगळा. दोन ते अडीच वर्षांच्या मुलांवर 2014 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, पडद्यावरची व्यक्ती मुलाकडे बघून, त्याला उत्तर देत बोलत होती तेव्हा मुलं नवी क्रियापदं शिकली. आधी चित्रित केलेल्या बोलण्यातून शिकली नाहीत. आजी ‘जेवलास का?’ विचारते, नातू रिकामी वाटी कॅमेऱ्यापुढे धरतो, आणि ती विचारते, ‘सगळा भात संपवलास?’